पत्र पहिल्या मालकाला, धोका दुसऱ्या मालकाला

जुनी हायब्रीड मोटारगाडी घेणाऱ्या कुटुंबांनी काय पाहावे, काय विचारावे आणि तक्रार कोठे करावी

माझे साडू चिखलीला राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहेत. पंचवीस वर्षे त्यांनी मोटारसायकलवर काढली. पुढे टाकीवर मुलगा, मागे बायको आणि तिच्या मांडीवर मुलगी, अशी. २०२३ साली मुलीचे शिक्षण मार्गी लागले, पतसंस्थेचे कर्ज मंजूर झाले आणि घरात पहिल्यांदा चारचाकी आली. नवी घेण्याची ऐपत नव्हती म्हणून जुनी घेतली. गाडी पेट्रोलची, पण मागच्या बाजूला ‘हायब्रीड’ असा बिल्ला. एजंट म्हणाला, “गुरुजी, सिंगल हॅन्ड गाडी आहे. पुण्याच्या साहेबाची. बॅटरी आपोआप चार्ज होते. तुम्ही फक्त पेट्रोल टाका आणि फिरा.”

साडू कागदपत्रांच्या बाबतीत काटेकोर माणूस. आर.सी. बुक स्वतःच्या नावावर करून घेतले, विमा नावावर करून घेतला, पहिल्या मालकाच्या कर्जाचा बोजा उतरला आहे की नाही हे पाहिले. त्यांच्याकडून काहीच चुकले नव्हते. तरीही पहिल्याच पावसाळ्यात मेहकरहून चिखलीकडे येताना, रात्री साडेनऊच्या सुमारास, रस्त्यात साचलेल्या पाण्यातून गाडी निघाली आणि थोड्याच अंतरावर समोर लाल दिवा लागला. गाडीचा जोर गेला, दिवे मंद झाले, गाडी बंद पडली. गाडीत ऐंशीच्या घरातील आई, बायको आणि दोन मुले. मागून ट्रक येत होते. सर्वांना उतरवून बाभळीच्या झाडाखाली उभे केले आणि दोन तास वाट पाहिली, तेव्हा कुठे ओढून नेणारी गाडी आली.

गावातल्या मिस्त्रीने बॅटरी बदलली. महिनाभराने तोच लाल दिवा. मग वायरिंग पाहिले. दोन्ही वेळचे मिळून अकरा हजार रुपये गेले. तिसऱ्या वेळी मी म्हटले, “आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच नेऊ.” तेथे काउंटरवरच्या मुलाने चेसिस नंबर संगणकात टाकला आणि सहज म्हणाला, “काका, या गाडीचं कॅम्पेन बाकी आहे. हा पार्ट फुकट बदलून मिळतो. पत्र पाठवलं होतं, फोनही केले होते की.”

पत्र गेले होते पुण्याच्या पत्त्यावर. फोन गेले होते पहिल्या मालकाच्या नंबरवर. त्याने गाडी विकून टाकली होती, त्याला त्या पत्राचे काय? आणि ज्याची आई रात्री बाभळीखाली उभी होती, त्याला कुणी एक ओळही कळवली नव्हती.

गाडीचे व कंपनीचे नाव मी येथे देत नाही. एका कंपनीला दोष देऊन हा प्रश्न सुटणारा नाही. आज आपल्या समाजात शिक्षक, पोलीस, एस.टी. कर्मचारी, बँकेतील कारकून, परिचारिका अशा अनेक घरांत जुनी गाडी येत आहे. त्या प्रत्येक घराने ही गोष्ट समजून घ्यावी म्हणून हा लेख.

रिकॉल म्हणजे काय?

एकाच नमुन्याच्या गाड्या एकाच काळात तयार होतात आणि त्यांत एकाच पुरवठादाराचे सुटे भाग बसतात. अशा एखाद्या भागात कारखान्यातूनच दोष राहून गेला असेल, तर तो एका गाडीत नसतो, त्या काळात बनलेल्या हजारो गाड्यांत असतो. दोष लक्षात आल्यावर कंपनी त्या सगळ्या गाड्या परत बोलावते, तपासते आणि भाग विनामूल्य बदलून देते. यालाच ‘रिकॉल’ म्हणतात.

येथे दोन गोष्टी नीट ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली, रिकॉल वॉरंटीपेक्षा वेगळे आहे. वॉरंटी संपली म्हणून रिकॉलचे काम नाकारता येत नाही. दुसरी, रिकॉल गाडीला चिकटलेले असते, मालकाला नव्हे. गाडी दुसऱ्याकडे गेली, तिसऱ्याकडे गेली, तरी बाकी राहिलेले काम त्या चेसिस नंबरवर तसेच नोंदलेले असते. आज गाडी ज्याच्या दारात उभी आहे, त्याने ते करून घ्यायचे.

कंपन्यांना ‘रिकॉल’ हा शब्द मात्र आवडत नाही. ‘सर्व्हिस कॅम्पेन’, ‘तपासणी मोहीम’, ‘प्रॉडक्ट अपडेट’ अशी सौम्य नावे त्याला दिली जातात. २०१० च्या मार्च महिन्यात मुंबईत एक कोरी करकरीत नॅनो शोरूममधून घरी नेतानाच पेटली. आतील माणसे वाचली. अशा आणखी घटना घडल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात टाटा मोटर्सने सर्व नॅनो मालकांना जादा सुरक्षा उपकरणे विनामूल्य बसवून देण्याचे जाहीर केले. पण हे रिकॉल नव्हे, असेच कंपनीचे म्हणणे होते. तेव्हा नुसता ‘रिकॉल आहे का?’ एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. ‘या चेसिस नंबरवर कंपनीचे कोणतेही मोफत काम बाकी आहे का?’ असे विचारावे.

हायब्रीडचे तीन प्रकार

‘हायब्रीड’ या एका बिल्ल्याखाली तीन वेगवेगळ्या गाड्या विकल्या जातात. त्यांतील फरक एजंट सांगत नाहीत, कित्येकदा त्यांनाही ठाऊक नसतो.

पहिला प्रकार माइल्ड हायब्रीड. यात पेट्रोलचे इंजिन हेच खरे काम करते. त्याला पट्ट्याने जोडलेली एक छोटी मोटर असते. तीच स्टार्टर, तीच बॅटरी भरणारी आणि गाडी वेग घेताना तीच इंजिनाला थोडा हातभार लावणारी. ही गाडी नुसत्या विजेवर चालत नाही. आपल्या भागात जुन्या बाजारात दिसणाऱ्या बहुतेक ‘हायब्रीड’ याच जातीच्या.

दुसरा प्रकार स्ट्राँग हायब्रीड. यात मोठी बॅटरी आणि दमदार मोटर असते. गाडी काही अंतर नुसत्या विजेवर जाते, पण बॅटरी बाहेरून भरावी लागत नाही. इंजिन आणि ब्रेक तिला भरतात.

तिसरा प्रकार प्लग-इन हायब्रीड. यात पेट्रोलचे इंजिनही असते आणि घरच्या विजेवर भरता येणारी मोठी बॅटरीही. आपल्या देशात अशा गाड्या फार थोड्या आहेत. २०१६ साली आलेली व्होल्वोची एक्ससी९० टी८ ही त्यांपैकी एक, आणि तिची किंमत कोटीच्या वर होती. म्हणजे चिखलीच्या बाजारात कुणी स्वस्तात ‘प्लग-इन’ म्हणून गाडी दाखवली, तर आधी पेट्रोलच्या झाकणाखेरीज चार्जिंगचे वेगळे झाकण आहे का ते पाहावे.

या प्रकारांपैकी माइल्ड हायब्रीडचे आपल्या देशातील मोठे उदाहरण मारुती सुझुकीचे आहे. डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीने सियाझ, एर्टिगा आणि एक्सएल६ या पेट्रोल हायब्रीड नमुन्यांच्या ६३,४९३ गाड्या परत बोलावल्या. कारण होते मोटर जनरेटर युनिट, म्हणजे वर सांगितलेली ती छोटी मोटर. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये याच भागासाठी १,८१,७५४ पेट्रोल गाड्यांची तपासणी जाहीर झाली. त्यात सियाझ, एर्टिगा, विटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ होत्या. या गाड्या ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या होत्या. भाग बदलण्याचे काम नोव्हेंबरपासून सुरू होणार होते. तोपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर पाण्याचा थेट फवारा मारू नका, असे कंपनीने मालकांना कळवले होते.

ही सूचना नीट वाचा. भर पावसाळ्यात आलेली सूचना आहे. ज्याला पत्र मिळाले त्याने डबके टाळले असेल. ज्याने ती गाडी दरम्यान जुनी म्हणून विकत घेतली, त्याने वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून प्रेशर पंपाने इंजिन धुऊन घेतले असेल आणि वर पन्नास रुपये बक्षीस दिले असेल.

दोष उशिरा कळतो

“गाडी पाच वर्षे बिनतक्रार चालली, आता काय होणार?” असे पुष्कळजण म्हणतात. परंतु काही दोष वेळेनेच पिकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने इंधन पंपासाठी आपल्या देशातील ९० हजारांवर गाड्या परत बोलावल्या. त्या गाड्या २०१७ आणि २०१८ साली बनलेल्या होत्या. म्हणजे पत्र निघेपर्यंत सहा-सात वर्षे उलटली होती. एवढ्या काळात किती गाड्यांनी मालक बदलला असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचे प्रकरण याहून गंभीर. तिच्यातील स्फोटक रसायन उष्णतेने व दमटपणाने वर्षानुवर्षे खराब होत जाते. मग अपघाताच्या वेळी एअरबॅग फुगताना तिचे धातूचे कवच फुटून तुकडे बसलेल्याच्या अंगात घुसतात. जगभर माणसे दगावली, कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि २०१७ साली कंपनी दिवाळखोरीत निघाली. भारतातही होंडाने या एअरबॅगसाठी अनेकदा गाड्या बोलावल्या. एकट्या सप्टेंबर २०१५ च्या घोषणेत २,२३,५७८ गाड्या होत्या. जी वस्तू जीव वाचवण्यासाठी बसवली तीच जिवावर उठावी, आणि ती गाडी जितकी जुनी तितका धोका अधिक. म्हणून हा प्रश्न मुख्यतः जुन्या गाडीच्या मालकाचा आहे.

दुचाकीवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. मे २०२१ मध्ये रॉयल एन्फील्डने इग्निशन कॉइलमधील दोषामुळे २,३६,९६६ मोटारसायकली बोलावल्या होत्या. त्यात बुलेट ३५० आणि क्लासिक ३५० होत्या. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली ओलाची विजेवरची स्कूटर पेटली. त्यानंतर एप्रिलमध्ये कंपनीने त्या गटातील १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत मागवल्या. आपल्या गल्लीत प्लग लावून भरली जाणारी गाडी म्हणजे मुख्यतः ही स्कूटरच. जुनी घेतलीत तर तिचाही चेसिस नंबर तपासा.

परदेशातील मुलांना कळवा

आपल्यातील अनेक घरांतील मुले-मुली आता अमेरिकेत शिकतात, नोकरी करतात. तेथे गेल्यावर पहिली गाडी ते जुनीच घेतात, आणि तेथे प्लग-इन हायब्रीड स्वस्तात मिळते. म्हणून हा परिच्छेद कात्रण काढून त्यांना पाठवावा.

फेब्रुवारी २०२२ मध्ये क्रायस्लर कंपनीने २०१७ व २०१८ सालच्या पॅसिफिका प्लग-इन हायब्रीड परत बोलावल्या. १२ गाड्यांना आगी लागल्या होत्या. त्या सर्व गाड्या तेव्हा बंद करून उभ्या केलेल्या होत्या. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चार्ज करू नका आणि घरापासून व इतर गाड्यांपासून दूर उभी करा, असे मालकांना सांगण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच समूहाच्या जीप रँग्लर आणि ग्रँड चेरोकी या प्लग-इन गाड्यांबाबत पुन्हा तोच इशारा आला. अमेरिकेत त्यांची संख्या ३ लाख २० हजारांवर होती. त्यात पूर्वीच्या रिकॉलमध्ये दुरुस्त झालेल्या गाड्याही होत्या. म्हणजे ‘एकदा काम झाले आहे’ एवढे ऐकून गप्प बसू नये, ते पुरेसे ठरले की नाही हे पुन्हा तपासावे.

गाडी बंद असताना, घरचे झोपलेले असताना आग लागते, हा या प्रकारातील खरा धोका. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. त्या अपघाताचा रिकॉलशी काही संबंध नाही. परंतु पेटलेल्या वाहनातून बाहेर पडायला माणसाला किती थोडा वेळ मिळतो, हे आपल्या जिल्ह्याला कुणी नव्याने सांगायला नको.

अमेरिकेत वाहन सुरक्षेसाठी सरकारी यंत्रणा आहे. तिच्याकडे १७ अक्षरांचा चेसिस नंबर दिला की त्या गाडीचे बाकी राहिलेले रिकॉल कोणालाही फुकट पाहता येते. मात्र जुनी गाडी विकणाऱ्या दुकानदाराने रिकॉलचे काम करूनच ती विकली पाहिजे, असे तेथील केंद्रीय कायदाही सांगत नाही. तेव्हा प्रगत देश म्हणून निर्धास्त राहण्याचे कारण नाही. विचारायचे काम तेथेही घेणाऱ्यानेच करायचे.

आपला कायदा काय म्हणतो?

१९८८ च्या आपल्या मोटार वाहन कायद्यात गाड्या परत बोलावण्याची सक्ती करणारे कलमच नव्हते. २०१२ साली वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने स्वतःहून एक नियमावली केली, पण ती ऐच्छिक होती. २०१३ साली जनरल मोटर्सने २००५ पासूनच्या सुमारे १ लाख १४ हजार टवेरा धुराच्या निकषांसाठी परत बोलावल्या. खेड्यापाड्यांत प्रवासी वाहतुकीत खपलेली ही गाडी. सरकारने चौकशी समिती नेमली, परंतु रिकॉलचा कायदा तेव्हाही नव्हता.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले. गाडीतील दोषामुळे चालकाला, आत बसलेल्यांना, रस्त्यावरील इतरांना किंवा पर्यावरणाला अपाय होण्याचा संभव असेल, तर केंद्र सरकार त्या नमुन्याच्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. दोषाची माहिती ठराविक टक्के मालकांकडून, तपासणी संस्थेकडून किंवा अन्य मार्गाने आलेली असावी. अशा आदेशानंतर कंपनीने पूर्ण किंमत परत द्यावी, तशीच अथवा त्याहून चांगली गाडी बदलून द्यावी किंवा गाडी दुरुस्त करून द्यावी, असे त्या कलमात आहे. त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे, आणि हे नियम सात वर्षांच्या आतील गाड्यांसाठी आहेत.

‘ठराविक टक्के मालक’ या शब्दांवर जरा थांबा. याचा अर्थ असा की तक्रारी मोजल्या जातात. चिखलीच्या मास्तरांनी मिस्त्रीला अकरा हजार देऊन गप्प बसायचे, मेहकरच्या दुकानदाराने नशिबाला बोल लावायचा आणि खामगावच्या परिचारिकेने गाडी मिळेल त्या भावात काढून टाकायची, तर मोजायला उरते काय? आपली नोंद नसेल तर आपला दोषही नसतो. तोंडी तक्रार हवेत विरून जाते, लेखी तक्रार मोजली जाते.

गाडी घेण्यापूर्वी

बयाणा देण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात. यांना फार तर एक दिवस लागतो.

१) आर.सी. वरून चेसिस नंबर उतरवून घ्या. तो १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे नसतात, म्हणून गोल चिन्ह दिसले की ते शून्यच समजावे. गाडीवर कोरलेला नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो का ते डोळ्यांनी पाहा. निर्मितीचा महिना व वर्षही टिपून घ्या, कारण रिकॉल निर्मितीच्या तारखांवर ठरते, विक्रीच्या नव्हे.

२) तो नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाका किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन विचारा. घरातील शाळा-कॉलेजात जाणारी मुले हे काम पाच मिनिटांत करतील. सर्व्हिसचा संपूर्ण इतिहासही मागा. काम बाकी असेल तर विकणाऱ्यालाच ते आधी करून आणायला सांगा.

३) विकणारा दलाल असेल तर त्याच्याकडे परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र आहे का ते पाहा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी तशी पद्धत लागू झाली आहे.

४) हायब्रीडच्या मोठ्या बॅटरीची वॉरंटी वेगळी असते. मारुती व टोयोटाच्या स्ट्राँग हायब्रीडला ती ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी दिली गेली आहे. किती उरली आहे आणि ती दुसऱ्या मालकाला लागू आहे का, हे लेखी घ्या.

५) पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या गावी विकली जाते. सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहा, टोकाला चिखलाची रेघ दिसते. गालिचा उचला, डिकीतील स्टेपनीखाली हात फिरवा, वास घ्या. पाण्यात बुडालेली हायब्रीड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

६) बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसल्या तर त्या उच्च दाबाच्या विजेच्या आहेत असे समजा. त्यांना घरच्या वायरमनचा किंवा रस्त्यावरच्या मिस्त्रीचा हात लागता कामा नये. काही हायब्रीड गाड्यांत मागील सीटजवळ बॅटरीला हवा देणारी जाळी असते. तिच्यासमोर पिशव्या, गाद्या कोंबू नका. आपल्याकडील धुळीने ती तुंबते, ती साफ करून घ्या.

गाडी घेतल्यानंतर

नावावर करण्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरले म्हणजे काम संपले, असे आपण समजतो. माझ्या साडूंनीही तसेच समजले होते. परिवहन कार्यालयाच्या दप्तरात नाव बदलले तरी कंपनीच्या दप्तरात ते आपोआप बदलत नाही. म्हणून गाडी नावावर झाल्यावर आर.सी.ची प्रत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. आपले नाव, पत्ता, मोबाईल नंबर त्यांच्या नोंदीत घालायला सांगा आणि तसे झाल्याचा संदेश मागून घ्या. बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयातील नोंदीतही मोबाईल नंबर आपलाच आहे ना, हे पाहा. एजंटने घाईत स्वतःचा नंबर टाकलेला असतो.

पुढचे पत्र मग आपल्या दारात येईल.

तक्रार कोठे आणि कशी?

सर्व्हिस सेंटरला गाडी देताना जॉब कार्ड बनते. त्यावर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिलेले असेल तर सही करू नका. ‘पाण्यातून गेल्यावर लाल दिवा लागून गाडी बंद पडली, तारीख अमुक, किलोमीटर इतके’ असे स्पष्ट हवे. त्याची प्रत मागा. मिस्त्रीची पावती, बदललेला जुना भाग आणि लागलेल्या दिव्याचा फोटो जपून ठेवा.

त्यानंतर कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी कळवा. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करा. दोष सुरक्षिततेचा असेल तर केंद्र सरकारच्या वाहन पोर्टलवरही नोंद करावी.

एवढे करूनही दाद लागली नाही तर बुलढाण्याला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपण जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाता येते. गाडी पुण्याहून आणली म्हणून पुण्याला खेटे घालण्याची गरज नाही. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच ऐकतो. ५ लाखांपर्यंत फी काहीच नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. गाडीची तज्ज्ञांकडून तपासणी मागता येते. सदोष वस्तूमुळे इजा किंवा नुकसान झाले तर उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा यांच्याकडून भरपाई मागण्यासाठी या कायद्यात स्वतंत्र प्रकरण आहे.

साडूंचा भाग विनामूल्य बदलून मिळाला. त्यानंतर दोन पावसाळे गेले, लाल दिवा लागला नाही. मिस्त्रीला दिलेले अकरा हजार मात्र परत आले नाहीत, कारण पहिल्या दोन वेळच्या पावत्याच त्यांनी घेतल्या नव्हत्या. पाचवीच्या मुलांना ‘पावती मागा’ हा धडा शिकवणारे मास्तर! हे त्यांनीच मला हसत हसत सांगितले आणि वर म्हणाले, “भाऊ, लिहिताना हेही लिहा. म्हणजे दुसरा कुणी फसणार नाही.”

त्यांच्या शाळेतील आणखी तीन शिक्षकांकडे जुन्या गाड्या होत्या. एका रविवारी सगळे साडूंच्या ओट्यावर बसले आणि चौघांचेही चेसिस नंबर एकामागून एक तपासले. दोन गाड्या निर्धोक निघाल्या. एकीचे एअरबॅगचे काम बाकी होते, ते त्याच आठवड्यात झाले. वाचकहो, येत्या रविवारी आपल्या वस्तीत असेच चार-सहा जण एकत्र बसा. आर.सी. बाहेर काढा, एक मोबाईल घ्या आणि शेजारच्या काकांची गाडीही तपासून द्या. ज्या गाडीत आपण आपली आई बसवतो, लेकरे बसवतो, तिच्याविषयी कंपनीला जे ठाऊक आहे ते आपल्यालाही ठाऊक असले पाहिजे.